झाकणामागचं आकाश

धायरीतल्या त्या सोसायटीच्या गच्चीवर फाल्गुन सरता सरता दिवसा कुरडया वाळत आणि रात्री यास्मिनची दुर्बीण उभी राही. सेक्रेटरींचा दोन्हींना विरोध. कुरडयांसाठी त्यांनी पाटी लावली होती, ‘गच्ची ही वाळवणाची जागा नव्हे. कावळे सोसायटीचे सभासद नाहीत.’ दुर्बिणीबद्दल काय लिहावं ते त्यांना सुचेना, म्हणून दुर्बीण टिकून राहिली.

यास्मिन इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. पस्तिशी ओलांडलेली, बोलायला मोजकी. एखाद्या पोराने ‘मॅडम, आपोआप झालं’ म्हटलं की ‘आपोआप काही होत नाही, वायर बघ’ असं सांगून पुढच्या टेबलाकडे वळणारी. तिसऱ्या मजल्यावर ती आणि तिचे अब्बा, दादामियाँ, असे दोघंच राहत. दादामियाँचा रविवार पेठेत फोटो स्टुडिओ होता. रोल धुवायचे दिवस संपले तसा त्यांनी तो मिटवला, पण मोबाईलवर कुणी फोटो दाखवला की अजूनही तो लांब धरून ‘प्रकाश कुठून घेतलायत हा?’ असं विचारून समोरच्याला ओशाळवाणं करत.

त्याच स्टुडिओच्या डार्करूममध्ये हेमामावशींचा जन्म गेला. दादामियाँ सांगत, ‘अंधारात हेमाबाईंचे हात बघावेत. पण बघणार कसे?’ आता मावशी वरच्या मजल्यावर एकट्याच होत्या. डोळे घारे, मधाच्या रंगाचे, म्हातारपणीही माणसाला थांबवून बघायला लावतील असे. त्याच डोळ्यांत काचबिंदू शिरला. उजवा डोळा गेला होता. डाव्याने दिसे ते अरुंद नळीतून पाहावं तेवढंच. पाडव्यानंतर त्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. उरलंय तेवढं वाचवायचा प्रयत्न करू, पण हमी देत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगून टाकलं होतं.

‘जन्मभर कीर्तनं ऐकली गं,’ मावशी एकदा जिन्यात म्हणाल्या होत्या. ‘अनंत कोटी ब्रह्मांडं म्हणतात आणि आम्ही माना डोलावतो. त्यातलं एक तरी बघायला नको का? दृष्टी जायच्या आत?’

हे मागणं यास्मिनच्या जिव्हारी लागलं. तिला गणपतीच्या मूर्तीवरचे रंग ओळखायला, रोल अंधारात भरायला, सायकल चालवायला ह्याच बाईने शिकवलं होतं. आई गेल्यावर शाळेच्या वेण्याही ह्याच हातांनी घातल्या होत्या. तिने ठरवलं, सप्तर्षींच्या शेपटीशी, मरीचीच्या जरा खाली, जो भोवरा आहे त्याचा फोटो काढायचा आणि ऑपरेशनच्या आत छापून मावशींच्या हातात द्यायचा.

भोवरा म्हणजे सर्पिल दीर्घिका. अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी निघालेला तिचा उजेड स्वारगेटच्या बाजूच्या पिवळ्या झळाळीतून वाट काढत धायरीच्या गच्चीवर उतरतो, हे नुसतं मनात आणलं तरी हात जोडावेसे वाटतात. डोळ्याने तो दिसत नाही. दुर्बिणीला कॅमेरा लावायचा, काही मिनिटं उघडा ठेवायचा, मग पुन्हा, मग पुन्हा. अशा कितीतरी रात्रींचे फोटो एकावर एक रचले की त्या उजेडाचा साय धरल्यासारखा थर जमतो.

आणि शेवटी झाकण. कॅमेरा अंधारातही कोरा राहत नाही. त्याच्या स्वतःच्या ऊबेचे, स्वतःच्या खोडींचे ठिपके उमटतात. म्हणून झाकण लावून तितक्याच वेळाचे काळे फोटो घ्यायचे आणि खऱ्या फोटोंतून ते वजा करायचे.

‘म्हणजे कॅमेऱ्याचा मीपणा काढून टाकायचा,’ मावशी खूश होऊन म्हणाल्या. ‘मग उरेल ते खरं. अगं, हे तर कीर्तनच झालं.’

झाकण लावायचं काम त्यांनी मागून घेतलं. त्याला डोळे लागत नव्हते. नळीच्या तोंडाभोवती त्या एकदा बोटं फिरवत, मग झाकण असं बसवत की आवाजही होऊ नये. यास्मिनला लहानपणी पाहिलेलं आठवे, त्या डार्करूमचं दार नेमकं असंच लावत.

सोसायटीच्या मागे रामाचं लहानसं देऊळ आहे. पाडव्याच्या आधीच्या आठवड्यापासूनच तिथे कथा सुरू झाली होती, ती हनुमान जयंतीपर्यंत चालायची होती. यंदा कीर्तनाला दुर्गाबाई उभ्या होत्या. त्यांचा आवाज पातळ पण धारदार. पेटी, तबला आणि झांज ह्यांच्यावरून तो भिंत ओलांडून गच्चीवर यायचा. मावशींना रात्रीचं रस्त्याने जाववत नसे, म्हणून त्या गच्चीवरच चटई टाकून ऐकत. आणि चटईशेजारी एक रिकामा पाट मांडत.

पहिल्या दिवशी यास्मिनने लॅपटॉपची बॅग नेमकी त्या पाटावर ठेवली.

‘उचल गं ती. जागा राखलेली आहे.’

‘कुणाची?’

‘रामकथा चालू असते तिथे मारुतीराय ऐकायला येतात. आमच्या माहेरी पाट मांडल्याशिवाय कथा ऐकत नसत.’

दादामियाँ गुडघे धरत जिना चढून आले होते. ते म्हणाले, ‘स्वारगेटला एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी धरलीत म्हणा की.’

‘तशीच समजा.’

‘आमच्या स्टुडिओत येणारं गिऱ्हाईक उभं राहायचं आणि इथे न येणाऱ्याला आसन!’

‘न येणाऱ्याला नाही हो, न दिसणाऱ्याला,’ मावशी म्हणाल्या. ‘आणि येतो तो कितीही लांबून येतो.’

यास्मिनने बॅग मांडीवर घेतली. पडदा मावशींना दिसेल असा त्यांच्याकडे वळवला, आणि काम सुरू झालं.

पाडव्याला कॉलेजला सुट्टी होती. गुढ्या उभ्या राहिल्या, खालून कुठून तरी श्रीखंडाच्या वेलचीचा वास येत होता, आणि यास्मिन जमलेल्या सगळ्या रात्रींचे फोटो एकत्र करायला बसली. आपल्याला हे काम येतं ह्याची तिला खात्री होती. नेहमीप्रमाणे खरे फोटो एका बाजूला घातले, काळे फोटो दुसऱ्या बाजूला. काळे फोटो कुणी उघडून बघत नाही. त्यात बघण्यासारखं काही नसतंच. मशीनने वजाबाकी केली.

पडद्यावर तारे आले. स्वच्छ, टाचणीच्या टोकासारखे. आणि मधोमध, जिथे दीर्घिका असायला हवी होती, तिथे भोवऱ्याच्या आकाराचा काळा खड्डा होता.

तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा खड्डा.

एकेक खरा फोटो तिने उघडून पाहिला. प्रत्येकात दीर्घिका होती, फिकी पण जागच्या जागी. मग तिने काळ्या फोटोंपैकी एक उघडला. उजेड वाढवला.

झाकण लावलेल्या कॅमेऱ्याने काढलेल्या त्या फोटोत एक भोवरा होता.

‘वायर बघ,’ ती स्वतःशीच म्हणाली.

वायर ठीक होती. तिने सगळे काळे फोटो ओळीने उघडले. पहिल्या रात्रीचा तो नुसता धुरकट डाग होता, काचेवर श्वास सोडल्यासारखा. पुढच्या रात्री त्याला पीळ पडलेला. त्याच्या पुढच्या रात्री तर तो खऱ्या फोटोंपेक्षा स्पष्ट. फक्त त्याचा पीळ उलट्या बाजूने होता. आणि दीर्घिकेच्या मध्यात सगळ्यात जास्त उजेड असतो, तिथे ह्या चित्रात काळं होतं. गोल, खोल काळं.

ती वर गेली. मावशी देवासमोर कडुनिंबाचा प्रसाद वाटत होत्या. त्यांनी तिच्या तळहातावर चिमूटभर ठेवला आणि ती काय सांगतेय ते शांतपणे ऐकून घेतलं.

‘प्रकाश गळत असेल,’ मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात एकदम जुनी डार्करूमवाली बाई आली. ‘झाकणात फट असेल. नाहीतर कॅमेऱ्यात आधीच्या फोटोची छाया राहत असेल. अब्बांना बोलाव. आपण तपासू.’

तपासणी मावशींच्या न्हाणीघरात झाली, भर दुपारी. कॅमेरा दुर्बिणीपासून काढलेला. मावशींनी माळ्यावरून आपली जुनी काळी पिशवी काढायला लावली. बाह्या असलेली, दुहेरी कापडाची, जिच्यात हात घालून त्या भर रस्त्यात रोल बदलत. पिशवीत हात घालून त्यांनी कॅमेऱ्याला झाकण लावलं. पिशवी पिठाच्या रिकाम्या डब्यात, डब्यावर गोधडी, वायर जाण्यापुरत्या फटीवर काळी चिकटपट्टी. दार बंद. दादामियाँ दाराशी स्टूल टाकून बसले.

‘आता ह्यात उजेड शिरला,’ ते म्हणाले, ‘तर मी स्टुडिओ पुन्हा उघडतो.’

फोटो आला. भोवरा होता. डब्यात, गोधडीखाली, दुपारी. तिथून कुठलंही आकाश दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

दादामियाँनी वाकून दाराखालची फट बघितली.

यास्मिनने कॅमेरा बाहेर काढला, थोडा वेळ बंद ठेवला, आणि ह्या खेपेला झाकण स्वतः लावलं. बाकी सगळं तसंच. फोटो आला तो निव्वळ काळा, वर कॅमेऱ्याचे नेहमीचे बारीक ठिपके. बरोबर जसा असायला हवा तसा. तिला हायसं वाटलं.

‘आता अब्बा, तुम्ही लावा.’

दादामियाँनी लावलं. काळा.

‘मावशी, तुम्ही.’

मावशींनी पिशवीत हात घातले. बाहेरून नुसता कापडाचा फुगवटा हलताना दिसत होता. झाकण बसल्याचा आवाज आलाच नाही.

भोवरा आला. मघापेक्षा मोठा.

न्हाणीघराच्या नळातून पाणी ठिबकत होतं.

‘आमच्या वेळी रोल धुतल्याशिवाय काही दिसायचं नाही,’ दादामियाँ उठत म्हणाले. ‘तेच बरं होतं.’ मग दारातून वळून, यास्मिनकडे न बघता, ‘हेमाबाई, आपण जेवून घ्या. हात थंड पडलेत आपले.’

यास्मिन हुशार होती, पण हट्टीही होती. फोटो वेळेत व्हायला हवा होता. झाकणाचं कोडं ऑपरेशननंतर सोडवता येईल, असं तिने मनाशी ठरवलं. वजाबाकीसाठी तिने स्वतः झाकण लावून नवे काळे फोटो काढले. चंद्र रोज मोठा होत होता, त्यामुळे तो मावळेपर्यंत खोळंबून राहावं लागे. मावशी त्या रात्रीही वर येत, पाट मांडत, आणि शेवटी एक झाकण आपल्या हातचं लावत. ‘असू दे एक,’ म्हणत. यास्मिनला त्यांना नाही म्हणवत नसे. आणि खरं सांगायचं तर तो फोटो उघडून बघितल्याशिवाय तिला झोपही येत नसे.

कारण तो सुंदर होता. भीती वाटावी इतका. खरी दीर्घिका फोटोत निळसर येते, मधूनच गुलाबी. ही मधाच्या रंगाची होती. मध्यातल्या काळ्यापासून बाहेर निघालेले हजारो बारीक धागे, किंचित पिळलेले, कुठे सोनेरी तर कुठे तांबूस. कुणी आयुष्यभर बसून विणावेत असे. वरच्या बाजूला तेवढी एक खोट होती. कडेशी एक बारीक त्रिकोणी खाच, कात्रीने टोक कापल्यासारखी. धुळीचा कण असेल म्हणून यास्मिनने कॅमेऱ्याची काच फुंकणीने साफ केली, मग मऊ फडक्याने. खाच गेली नाही. तीही रोज थोडी मोठी होत होती, कारण सगळं चित्रच मोठं होत होतं. जवळ येत होतं म्हणा.

एका रात्री देवळातून दुर्गाबाईंचा आवाज आला. गाता गाता त्या थांबल्या होत्या आणि साध्या बोलीत सांगत होत्या.

‘देवळात आपण का जातो? देवाला बघायला, असं आपल्याला वाटतं. दगडाची मूर्ती एकदा बघितली की झालं, रोज कशाला जायचं? बायांनो, आपण बघायला जात नाही. आपण त्याच्या नजरेला पडायला जातो!’

मग झांज वाजली आणि गजर उसळला. मावशी अंधारात टाळी धरून होत्या. यास्मिनच्या हाताशी पाट होता, त्यावर चांदणं पडलेलं. तिने आपला गुडघा नकळत आखडून घेतला.

रामनवमीला फोटो तयार झाला. तिने तो मोठ्या आकारात छापून घेतला आणि दुपारी, देवळातून पाळण्याचं गाणं चालू असताना, मावशींच्या मांडीवर ठेवला. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं.

मावशींनी खिडकी पुरती उघडायला लावली. डाव्या डोळ्याजवळ कागद धरून त्या बघू लागल्या. एका वेळी त्यांना लिंबाएवढाच तुकडा दिसत होता. पण त्यांना घाई नव्हती. एका टोकाच्या ताऱ्यापासून निघाल्या आणि त्या प्रचंड पिळाच्या काठाकाठाने, प्रदक्षिणा घालावी तशा, आत आत जात राहिल्या. भोवऱ्याच्या शेपटीला लटकलेली दुसरी लहान दीर्घिका सापडली तेव्हा हसल्या. ‘हिचं बोट धरून चाललीय बघ.’ मध्याच्या उजेडाशी पोचल्या तेव्हा कागद खाली ठेवून त्यांनी हात जोडले, ते बराच वेळ सोडले नाहीत. यास्मिनने तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं. एवढ्याचसाठी केलं होतं सगळं, आणि ते झालं होतं.

‘आता तो दुसरा दाखव,’ मावशी म्हणाल्या.

‘कुठला?’

‘माझ्या हातचा.’

यास्मिनने लॅपटॉप आणला. मावशींनी पडद्याला नाक लागेल इतकं जवळ जाऊन तोही फोटो तसाच, काठाकाठाने पाहिला. मध्यातल्या काळ्याशी त्या थांबल्या.

‘हा कुणी काढला गं?’

‘आपल्या कॅमेऱ्याने.’

‘कॅमेऱ्याला तर झाकण होतं.’ मावशींनी मान मागे घेतली. ‘मला वाटतं, उघडा असतो तेव्हा आपण तिथे बघतो. झाकला की तिथून इथे कुणी बघतं.’

‘मावशी, इथला उजेड तिथे पोचायलाच अडीच-तीन कोटी वर्षं लागतात. तिथून आत्ता कुणी बघितलं तर आपण दिसणारच नाही. माणूसच दिसणार नाही. नुसतं जंगल दिसेल.’

‘उजेडाने बघत असेल तर,’ मावशी म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती, यास्मिन रजा टाकून बरोबर गेली. बाकड्यावर बसल्या बसल्या मावशींनी तिचा हात धरून ठेवला होता. दादामियाँ म्हणाले ते खरं होतं, ते हात थंड होते.

पट्टी निघाली. डॉक्टरीणबाईंनी बोटं नाचवली, रंग विचारले, भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली.

‘यास्मिनने पिवळा घातलाय,’ मावशी म्हणाल्या. ‘इतका भडक? अब्बांनी बघितला का?’

डॉक्टरीणबाई हसल्या. ‘होतं तेवढं वाचलंय. आता थेंब नियमित घालायचे.’

यास्मिनला रडू आलं. ते लपवायला ती उगाचच बॅगेत काहीतरी शोधू लागली. तेवढ्यात मावशींची हनुवटी यंत्रावर टेकवून डॉक्टरीणबाईंनी डोळ्याचा फोटो घेतला आणि पडदा तिच्याकडे वळवला.

‘या, बघा. छान झालंय.’

यास्मिनने बघितलं.

मधाच्या रंगाचं वलय. मध्यभागी गोल, खोल काळं. त्यापासून बाहेर निघालेले हजारो बारीक धागे, किंचित पिळलेले, कुठे सोनेरी तर कुठे तांबूस.

आणि वरच्या बाजूला, कडेशी, एक त्रिकोणी खाच.

‘हे काय आहे?’ तिने खाचेकडे बोट केलं.

‘ती खाच? ती आम्ही पाडली. आतलं पाणी तुंबू नये म्हणून रंगीत पडद्याला एक लहानसं छिद्र करतो. एरवी पापणीखाली झाकलेलं राहतं. मी आत्ता पापणी वर धरली होती म्हणून दिसतंय.’

‘आधी नव्हती?’

‘आधी कशी असेल? कालच पाडली ना.’

रिक्षात यास्मिन बॅग मांडीवर घट्ट धरून बसली. मावशी मात्र रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होत्या, शाळेतून सुटलेल्या मुलीसारख्या. कुठल्याशा मिठाईवाल्याने ‘दुपारी बेल वाजवू नये, उत्तर मिळणार नाही’ असं लिहिलं होतं, त्यावर त्या खुदकन हसल्या.

घरी येऊन यास्मिनने लॅपटॉप उघडला. पाडव्याच्या आधीचे फोटो. न्हाणीघरातले. नवमीचे. पहिल्या रात्रीचा डाग सोडला तर प्रत्येकात खाच होती. तिने पडद्यावर बोट ठेवलं आणि डॉक्टरीणबाईंच्या फोटोत पाहिलेली जागा आठवली. ती इंचभरही हलली नव्हती.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. अब्बांनाही नाही. कॅमेरा खोक्यात घालून कपाटात ठेवला.

हनुमान जयंतीच्या आदल्या संध्याकाळी मावशींनी हाक मारली. देवळात शेवटून दुसरं कीर्तन होतं.

‘चल गं वर. एक झाकण लावू.’

‘मावशी, आज चंद्र आहे. केवढा मोठा.’

‘झाकण लावलेल्या कॅमेऱ्याला चंद्राचं काय?’

यास्मिनने कपाटातून खोकं काढलं. आणि खरं तर यास्मिनलाही बघायचं होतं. तीन दिवस ती स्वतःला सांगत होती की बघायचं नाही, त्यावरूनच तिला ते कळलं होतं.

गच्चीवर चांदणं सांडलेलं. पाण्याच्या टाकीची सावली काळीशार. दुर्बीण आणलीच नव्हती, नुसता कॅमेरा स्टुलावर. मावशी खुर्चीत बसल्या, काळा चष्मा काढून पदराच्या टोकात बांधला. यास्मिन समोर चटईवर, लॅपटॉपचा पडदा नेहमीसारखा मावशींकडे वळवलेला. शेजारी पाट. गच्चीवर दोघीच होत्या. जिन्याच्या दाराला यास्मिनने येताना कडी घातली होती.

मावशींनी झाकण लावलं.

दुर्गाबाई आज हनुमंताची कथा सांगत होत्या. झेप, समुद्र, वारा. यास्मिन वरून वाकून पडद्यावरचा आकडा सरकताना बघत राहिली.

फोटो आला. काळा. निव्वळ काळा, वर बारीक ठिपके.

तिने श्वास सोडला. ‘काही नाही, मावशी. गेलं.’

‘नाही?’

‘नाही. काळा आहे.’

ती लॅपटॉप मिटणारच होती. पण इतक्या वर्षांची शिकवण्याची सवय अशी सुटत नाही. एकदा केलेला प्रयोग हा प्रयोग नव्हे.

‘मावशी, आत्ता मधल्या वेळात तुम्ही काय करत होता?’

‘काही नाही गं. डोळा मिटून जप करत होते.’

झांजेचा ठेका वाढला होता.

‘पुन्हा एकदा करू,’ यास्मिन म्हणाली. ‘ह्या वेळी डोळा उघडा ठेवा.’

मावशींनी झाकण काढून पुन्हा लावलं. खुर्चीत ताठ बसल्या. चंद्र त्यांच्या पाठीमागे होता आणि पडद्याचा निळसर उजेड चेहऱ्यावर.

आकडा सरकत राहिला.

फोटो आला.

मधाच्या रंगाचं वलय आता चौकटीत मावत नव्हतं. धागे काठाबाहेर गेले होते. मध्यातलं काळं पडदाभर पसरलं होतं, विहिरीत डोकवावं तसं.

त्या काळ्यात काहीतरी चमकत होतं.

यास्मिनने चित्र मोठं केलं. एक लहानसा निळसर चौकोन होता. लॅपटॉपचा पडदा. त्याच्यामागे खाली वाकलेलं डोकं, खांद्यावर वेणी. तिची वेणी. मावशींना समोर जे दिसत होतं, तेच त्यांच्या बुबुळात उमटलं होतं.

आणि तिच्या शेजारी, पाटावर, कुणीतरी मांडी घालून बसलं होतं. मान किंचित कलती, ऐकणाऱ्या माणसाची असते तशी.

देवळातली झांज थांबली.

यास्मिनने हळूच मान वळवली. पाट रिकामा होता. त्यावर चांदणं होतं, आणि गच्चीवरच्या प्रत्येक वस्तूवर रोज बसते ती धूळ तेवढी त्याच्यावर नव्हती.

मावशींनी डोळा हलवला नव्हता. त्या समोरच बघत होत्या, प्रसन्न, पाहुणा घरी आल्यासारख्या.

‘यास्मिन,’ त्या म्हणाल्या, ‘जरा सरकून बस गं. त्यांना अडचण होतेय.’